गाव विचारणारी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते आमसुलांच्या पुड्या बांधायचं. ही खाटेवर बसलेली, नाकाला ऑक्सिजनची नळी, मांडीवर वर्तमानपत्र आणि त्यावर आमसुलांचा ढीग. ती मूठ भरून पिशवीत घालायची, मी पिशवीतली हवा काढून तोंड पिळायचो आणि रबर लावायचो.

"दोनदा गुंडाळा," ती म्हणाली.

"गुंडाळलाय."

"एकदाच गुंडाळलाय, मी बघतेय. पुण्याला जाईपर्यंत पाणी सुटेल नि डॉक्टरीणबाईंच्या पर्सची वाट लागेल."

"पर्समध्ये आमसुलं कोण घालतं?"

"घालतात. तुम्हाला काय माहीत? तुम्ही कुणाला काय दिलंयत कधी?"

मी रबर काढून परत दोनदा गुंडाळला. मग ती म्हणाली, जरा टेकते. मी पुड्या मोठ्या पिशवीत भरत बसलो. दुपारची वेळ होती, मशीन आपली घुरघुरत होती. चहा टाकू का म्हणून विचारलं तर उत्तर नाही. परत विचारलं. या बाईने जन्मात कुणाच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही असं झालेलं नव्हतं. तेव्हाच मला कळलं.

हिचं नाव सुमन. माहेर देवरूखच्या वरच्या अंगाला, डोंगरात. लग्न होऊन रत्नागिरीत आली नि काजूच्या फॅक्टरीत लागली. बिया फोडून फोडून बोटं तेलाने काळी पडलेली, कातडी सोलून यायची. भाजणीचा धूर छातीत गेला तो तिथलाच. डॉक्टरांनी पुढे तेच सांगितलं. मी मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात होतो. तिथे बोललं तर तोंडातून नुसती वाफ जाते, कामाचं काही होत नाही. त्यामुळे मला बोलायची सवय नाही. हिने माझ्या वाटणीचंही बोलून टाकलं.

कोणीही भेटलं की हिचा पहिला प्रश्न ठरलेला. "तुमचं गाव कुठचं?" मग वाडी कुठची. मग बाई असली तर माहेर, बुवा असला तर बायकोचं माहेर. एवढ्यात कुठेतरी ओळख लागायचीच. हिच्या मावशीच्या नणंदेला त्या वाडीत दिलेली असायची, नाहीतर फॅक्टरीतली कोणीतरी तिथली असायची. काहीच लागलं नाही तर ही जरा रागवायची, जसा काही समोरच्याने मुद्दाम लांब जन्म घेतला. मग विचारायची, "तुमच्याकडे भाताबरोबर काय खातात?" तिथून सुरू.

एकदा घरी राँग नंबर लागला. बोलणारी बाई म्हणाली, सॉरी हां, चुकून लागला. हिने विचारलं, "असूं दे गो, गाव कुठचं तुझं?" मी आंघोळ करून आलो, जेवून झालो, तरी हिचं चालूच. पुढच्या गणपतीला ती बाई नवरा-पोरांसकट आमच्या दारात हजर. मी म्हटलं, हे कोण? ही म्हणाली, "अवो, ती राँग नंबरवाली."

आम्हाला लेक उशिरा झाली, प्राची. ती माझ्यावर गेली. पाहुणे आले की तोंडात मिठाची गुळणी. पण हात आईचे. शांत, नेमके. शिकली ती ऑपरेशन थिएटरचं, नि इथल्या एका लहान इस्पितळात लागली. तिला व्हायचं होतं अॅनेस्थेशिया असिस्टंट. म्हणजे भूल डॉक्टरच देतो, पण मशीन तपासून ठेवायची, मास्क, नळ्या, औषधं हाताशी लावून द्यायची, पेशंट झोपला की त्याच्या श्वासावर नजर ठेवायची, यासाठी डॉक्टरच्या बाजूला एक तयार माणूस लागतं. ते माणूस तिला व्हायचं होतं. ते शिकवणारं इस्पितळ मोठं लागतं. इथे भूल देणारे डॉक्टर गाडीतून यायचे, काम करून पुढच्या इस्पितळात जायचे. प्राची फोन घ्यायची, फॉर्म भरायची, मावशी आली नाही तर लादीही पुसायची. एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, मी इथेच राहिले तर अशीच राहीन." एवढं बोलली म्हणजे किती दिवस मनात असेल.

तिला शिकवणाऱ्या सरांनी सांगितलेलं, अशा नोकऱ्या पेपरात येत नाहीत. डॉक्टरांच्या कॉन्फरन्सला जा, लोकांना भेट, नेटवर्किंग कर.

"म्हणजे काय गो?" हिने विचारलं.

"ओळखी वाढवायच्या, आई."

"एवढंच? मग त्याला इंग्रजी नाव कशाला?"

पहिली कॉन्फरन्स रत्नागिरीतच होती, एका हॉटेलात. प्राचीला एकटीने जायला धीर होईना, म्हणून आम्ही दोघं बरोबर गेलो. आत सोडायला गळ्यात पट्टा लागत होता, तो प्राचीकडे होता. आम्ही बाहेर पायरीवर. मी म्हटलं, इथेच बसू. ही उठली नि दारावरच्या वॉचमनकडे गेली. तो केळशीचा निघाला. केळशीला हिची फॅक्टरीतली मैत्रीण दिलेली. चहाची वेळ झाली तेव्हा आम्ही दोघं आत, चहाच्या टाकीपाशी उभे होतो, आणि पिशवी माझ्या हातात.

प्राची भिंतीला टेकून उभी. हातात बशी, त्यात एक बिस्कीट. कॉलेजातल्या मुली डॉक्टरांना गाठून हसत बोलत होत्या, प्राची बिस्किटाकडे बघत होती. ही तिच्याजवळ गेली.

"त्यातली मोठी कोण?"

"त्या, निळ्या कोटातल्या मॅडम. पुण्याच्या आहेत. त्यांच्याकडे असिस्टंट तयार करतात."

"मग जा की."

"जाऊन काय बोलू?"

"गाव विचार."

"आई, त्या डॉक्टर आहेत."

"डॉक्टरला गाव नसतं?"

प्राची हलेना. मग हीच गेली. मी पिशवी घेऊन मागे, कारण पिशवीत काय आहे ते मला ठाऊक होतं.

"बाई, माहेर कुठचं तुमचं?"

मॅडमच्या हातात चहा, भोवती चार डॉक्टर. त्या म्हणाल्या, "लातूर. का हो?"

"लातूर," ही जरा हिरमुसली. "लांब पडलं. पण आमच्याकडे पयल्यांदा आलात ना? सवाष्ण अशीच कशी जाईल?" आणि माझ्या हातातल्या पिशवीतून नारळ काढला, तांदळाची पुडी काढली, खण काढला. बोलणारी माणसं थांबली. प्राचीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

मॅडमनी कप खाली ठेवला. हळूच म्हणाल्या, "मला नाही चालत हे. माझे मिस्टर गेले, बरीच वर्षं झाली."

आता आमच्याकडे विधवेची ओटी भरत नाहीत. हे हिला पक्कं माहीत. न विचारता सवाष्ण म्हणून बसली, तेही चारचौघांत. ही नारळ धरून तशीच उभी राहिली. मला वाटलं, आता माफी मागेल नि मागे फिरेल.

ही म्हणाली, "ते गेले. तुम्ही हायत ना? धरा."

"मला पदर नाही," मॅडम म्हणाल्या.

"कोट हाय की."

मॅडमनी कोटाची दोन टोकं पुढे धरली. हिने नारळ, तांदूळ, खण सगळं त्यात घातलं. मग भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, "ती पाठमोरी हाय ना, ती माझी पोर. तोंडाने काय कामाची नाय, पण हात बघा तिचे."

घरी आल्यावर जी काय भांडणं झाली! प्राची रडत म्हणाली, "आई, मला परत तिथे तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस."

"दाखवलंस कुठे? भिंतीकडे होतं."

आणि ही बातमी आक्काला लागली. आक्का माझी थोरली बहीण, वरच्या आळीत राहते. घरातले सगळे नियम तिच्याकडे, कुणी ठेवायला दिले ते माहीत नाही. ती तणतणत आली. "काय गो सुमन, ओटी कोणाची भरायची हे आता मी शिकवू तुला?" ही चूल फुंकत होती. म्हणाली, "आक्का, भरून झाली. आता काय बाईंच्या कोटातून परत काढून आणू?"

दुसरी कॉन्फरन्स कोल्हापूरला. सभागृह वरच्या मजल्यावर. हिला तेव्हा दम लागायला लागला होता, पण सांगत नव्हती. अर्ध्या जिन्यात खाली बसली, ओठ निळे. भूल देणारे डॉक्टर सगळीकडून धावले. श्वासाचीच माणसं ती, त्यांना अजून काय पाहिजे! कुणी बोटाला चिमटा लावला, कुणी सिलिंडर आणायला सांगितला. आणि ही दम खात खात एकेकाला विचारतेय, "तुमचं... गाव... कुठचं?"

तेवढ्यात प्राची गर्दीतून आत आली. गुडघ्यावर बसली, एका हाताने आईची हनुवटी वर केली, दुसऱ्या हाताने मास्क बसवला. आणि एवढ्या माणसांत मोठ्याने म्हणाली, "आई, बोलू नकोस. नाकाने घे. माझ्याकडे बघ." मग वर न बघता म्हणाली, "जरा मागे व्हा सगळे." आणि झाले. मोठमोठे डॉक्टर मागे झाले.

त्या गर्दीत लातूरच्या मॅडम होत्या. त्यांनी हे बघितलं. हिचा श्वास बसल्यावर त्या प्राचीला बाजूला घेऊन म्हणाल्या, माझ्याकडे ये, मी तुला तयार करते.

बसमध्ये ही डोकं मागे टेकून बसली होती. म्हणाली, "बघा, झाली की नाय ओळख?"

ओळख झाली खरी. पण जायचं कसं? तपासण्या झाल्या, हिची छाती संपलेली निघाली. घरात ऑक्सिजनची मशीन आली. प्राचीने मॅडमना कळवलं, आईला सोडून येता येणार नाही.

मग सुरू झालं ते काय सांगू. त्या नळीने खाट मिळायची, मोरी मिळायची, चुलीपासून मात्र लांब राहायचं. दाराच्या उंबरठ्याशी नळी ताणायची, पुढे नाही. समोर रस्त्याच्या कडेला कोळणी टोपल्या घेऊन बसतात. ही उंबरठ्याच्या आत पाट टाकून बसायची नि तिथून ओरडून बोलायची. ओरडलं की धाप. धाप गेली की परत ओरडायची. कोळणीच मग माल सोडून दाराशी यायला लागल्या.

लाईट गेली की मशीन बंद. मग सिलिंडर जोडायचा. ते मला नि प्राचीलाच जमायचं. त्यामुळे मी बाजारात गेलो की माझा डोळा दुकानातल्या पंख्यावर. पंखा थांबला की भाजी तिथेच टाकून मी घरी. प्राची कामावर असली तरी फोन हातात. लग्नाकार्याला तिघांतलं एकच जायचं. मिरकरवाड्याचे माझे जुने लोक बोलवायचे, ये जरा जेटीवर बसायला. मी गेलो नाही. एक माणूस नळीला बांधलेलं आणि त्या माणसाला आम्ही दोघं बांधलेले. दिवसभर तो घुरघुर आवाज. पुढे पुढे तो ऐकूच येईनासा झाला, इतका अंगात बसला.

हिला याचाच राग. आपल्या धापेचा नाही, आम्ही अडकल्याचा. प्राचीला म्हणायची, "नळी माझ्या नाकात हाय. तू पायात कशाला गुंडाळून घेतेस?"

"मी नाही जात, आई. विषय संपला."

"तुझ्या तोंडाला काय भूल दिलीय का? बाईंना सांग, येते म्हणून."

प्राची सांगायची नाही. मग हीच रविवारी मॅडमना फोन लावायची. त्या उचलायच्या, हे विशेष. पहिली दहा मिनिटं लातूरला पाऊस कसा, सुनेचं काय, गुडघा कसा आहे. शेवटी एक वाक्य, "पोरीची जागा राखून ठेवा हां." आमसुलं एसटीच्या पार्सलने जायची. कोकमाचे रतांबे आम्ही फोडायचो, सालींना रसाची पुटं कधी द्यायची ते ही खाटेवरून सांगायची. वाळली की नाही ते मात्र स्वतः बोटाने बघायची. त्या काळ्या बोटांवर तिचा भरवसा.

या वर्षी मॅडमच म्हणाल्या, मी आता निवृत्त होतेय. पुण्याच्या कॉन्फरन्सला प्राचीला पाठवा, माझ्यानंतर जे बघणार आहेत त्यांच्यासमोर तिला उभी करते. पुढे माझ्या हातात काही राहणार नाही.

हिने फोन ठेवला नि जेवायचं सोडलं. प्राची हो म्हणेपर्यंत पाण्याशिवाय काही घेणार नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्राची म्हणाली, "बरं. पण दोनच दिवस."

"दोन दिवसांत गावं विचारून होतात," ही म्हणाली आणि पेज मागितली.

बसचं तिकीट काढलं. शेजारीण दोन दिवस येऊन जाणार होती. जायच्या आदल्या दुपारी प्राची कामावर आणि आम्ही दोघं पुड्या बांधत होतो. पुढचं सांगितलंच.

प्राची धावत आली. डोळे बघितले, हात बघितला, गळ्याशी बोटं ठेवून बराच वेळ बसली. मग नाकातली नळी काढून उशीवर ठेवली. सगळं दिवसाउजेडी झालं, स्मशानातून आलो तेव्हा अजून थोडा उजेड होता. आक्का राहायला आली. रात्री कोण काय बोललं ते मला आठवत नाही.

सकाळी उजाडल्यावर मी उठलो. प्राची खाटेच्या पायथ्याशी बसलेली. भरलेली बॅग कोपऱ्यात, त्यावर आमसुलांची पिशवी. मी म्हटलं, "आंघोळ कर. गाडी चुकेल."

आक्का चुलीकडून आली. "कसली गाडी? सुतक हाय घरात. दहा दिवस पोरीने उंबरठा ओलांडायचा नाय. आणि तू तर अग्नी दिलायस, तू पण नाय."

मी म्हटलं, "आक्का, हिने नळी लागल्यापासून उंबरठा ओलांडला नाय. आमच्या घरातलं तेवढं पुरे झालं."

"लोक काय म्हणतील?"

"त्यांचं गाव कुठचं ते विचारून घे."

माझ्या तोंडून असलं काही आलं याचं आक्काला नवल वाटलं असावं, मलाही वाटलं. तेवढ्यात तो आवाज ऐकू आला. मशीन चालूच होती. कालपासून कुणी बंद केली नव्हती, उशीवर ठेवलेल्या नळीतून हवा येत होती. मी बटण दाबलं. घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं, ते काही मला आवडलं नाही.

प्राची आंघोळ करून आली. बॅग उचलली, आमसुलांच्या पिशवीला हात लावला नि थांबली. "बाबा, सुतकाच्या घरातलं कुणाला कसं देऊ?"

"आईने जिवंतपणी बांधलंय."

"तरी. लोकांना नको असेल."

"मग आधी सांग. काल आई गेली, हे तिच्या हातचं हाय, चालेल काय म्हणून विचार. नको म्हणाले तर परत आण, आपण खाऊ. पण विचार."

तिने पिशवी घेतली. निघताना आक्काने तिच्या हातात भाकरीचं फडकं दिलं.

स्टँडवर गाडी लागलेली होती. प्राची खिडकीशी बसली. शेजारी एक बाई, मांडीवर डबा घेऊन. दोघी दोन दिशांना बघत होत्या. पुण्यापर्यंत त्या तशाच बसतील हे मला दिसत होतं. पोर माझ्यावर गेलेली. मी खिडकीच्या गजाला हात लावला. या बाबतीत मी आयुष्यात हिच्यावर नुसता वैतागलोय. एसटीत हिने असं सुरू केलं की मी मागच्या सीटवर जाऊन बसायचो.

मी म्हटलं, "बाई, तुमचं गाव कुठचं?"

बाईने वळून बघितलं. "जयगड. का हो?"

पुढे काय विचारायचं ते मला ठाऊक नव्हतं. ते हिला ठाऊक असायचं. मी तसाच गज धरून उभा राहिलो. कंडक्टरने घंटी मारली.

तेव्हा प्राची बाईकडे वळली. म्हणाली, "जयगडला कुठची वाडी?"

गाडी मागे आली, वळली. मी बाजूला झालो. इंजिनाच्या घरघरीत आवाज काही ऐकू येत नव्हता. बाई काहीतरी सांगत होती, आणि प्राचीचं तोंड हलत होतं, एवढं दिसलं.